दोन गाड्यांच्या मधे

सिस्टरबाईंनी गोळ्यांच्या पाकिटामागे लिहून दिलं:
लाखांदूर, मंगळवार, संध्याकाळी सहा, शाळेची चौथी खोली.
परतीची शेवटची एसटी साडेसहाची.
अर्ध्या तासात माणूस
आपलं नाव तरी नीट सांगतो का?

मग साकोली. रविवार, अकरा.
ब्लाऊजची कापडं पिशवीत वर ठेवून गेले,
कुणी विचारलंच तर, धागा आणायला.
दाराशी वीस-बावीस चपला, सगळ्या पुरुषांच्या.
आतला म्हातारा फार मायेनं बोलला,
"ये बाई. तुह्या घरचा कुठी हाय? त्याले आन ना संग."
घरचा घरी होता, धान मोजत.
तो सुपारीसुद्धा खात नाही.

मला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे बायका होत्या, चहा होता.
एकजण सांगत होती, कोठीत सापडली,
पोत्यात सापडली, एकदा तर देव्हाऱ्यामागे.
सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.
त्या शोधणाऱ्या. मी लपवणारी.
शिलाई मशीनच्या पेटीत, बॉबिनच्या डबीखाली,
तेलाच्या कुपीत तेल नसायचं माझ्या.
कपातला चहा बशीत, बशीतला लुगड्यावर.
पाळी आली तेव्हा म्हटलं,
आमच्या घरचा बरा आहे आता.
आणि धागा न घेताच परत आले.

वडसा. पलीकडचा जिल्हा, दारूबंदीचा.
स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं पत्ता ऐकला,
आरशात पाहत हळूच म्हणाला,
"पायजे का, मावशी? इकडूनच जवळ पडते."
हसू आलं. तोंडाला पाणीही सुटलं,
खोटं कशाला सांगू.

तिथे दुसऱ्या रांगेत आमच्या गावचा पोलीस पाटील.
त्यानं मला पाहिलं, मी त्याला.
भिंतीवर लिहिलेलं, इथे ऐकलेलं इथेच ठेवा.
भिंतीचं काय, ती वडशातच राहते.
आमच्या बांध्या मात्र धुऱ्याला धुरा लागून.

चैत्रात कुठेच गेले नाही.
पहाटे मोह टपटपायचा, सासू टोपली घेऊन हाक मारायची.
त्या दिवसांबद्दल इथे काही नाही.

लग्नसराईत एका गिऱ्हाइकाचं कापड उलगडलं
तर घडीतून चिठ्ठी पडली. म्हाताऱ्याचं अक्षर असावं.
बशी त्यानं पाहिली होती तर.
*बाई आहे. नऊ वर्षं झाली. फोन कर.*

दुर्पता वलके. जागा तिनंच सांगितली:
आमच्या हॉल्टचं बाकडं, बुधवारी.
एकच्या गाडीनं ती उतरते, दोन चाळीसनं जाते.
खोली नाही, भिंत नाही.
पत्र्याची शेड, माकडं, बंद पडलेली बोरिंग.
मी विचारलं, "मीटिंगले किती लोकं लागतेत?"
"दोन," ती डबा उघडत म्हणाली.
"एकटी असली का मंग ते नुसतं पिणं असते."

आधी ती बोलली. पोरगी, चूल,
आणि पाच दिवस, जे तिला अजून आठवत नाहीत.
मग मी. आधी नाव, मग ते.
नेमकी मालगाडी आली, डब्यामागून डबा कोळशाचा,
माझं सगळं त्याखाली गेलं.
शेवटचा डबा जाईपर्यंत ती चावत राहिली,
मग म्हणाली, "आता पुन्हा सांग. मले ऐकू नाही आलं."
दुसऱ्यांदा सोपं गेलं.
नाही, सोपं नाही. मोठ्यानं गेलं.

अकरा बुधवार झाले. मधला एक चुकला,
त्या बुधवारी मी प्यायले.
तेही सांगितलं. तिनं फक्त तारीख विचारली.

आज बोरिंगपाशी एक पोरगी उभी आहे,
पंचविशीची असेल, नवी चप्पल,
पदर नाकावरून घट्ट.
विचारते, "गाडी केव्हाची हाय?"
गाडी आत्ताच गेली, तिच्या समोरून.

दुर्पतानं बाकड्यावरची आपली पिशवी उचलली
आणि मांडीवर घेतली.